पडण्याची किंमत कोण ठरवतो?

मार्च २०१३ मध्ये कॅनडातील लंडन शहरात झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पॅट्रिक चॅन दोनदा बर्फावर आपटला आणि तरीही विश्वविजेता ठरला. कझाकस्तानच्या डेनिस टेनने ती फेरी १७४.९२ गुणांसह जिंकली होती. चॅनचे गुण १६९.४१. मात्र पहिल्या फेरीतील आघाडीच्या बळावर एकूण गुणांत चॅन १.३० ने सरस ठरला. अशा वेळी परीक्षकांकडे बोट दाखवणे सोपे असते; खरी मेख कोष्टकात असते.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील परीक्षण घोटाळ्यानंतर सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीचे मूल्य आधीच ठरलेले असते. सफाईनुसार त्यात भर किंवा घट होते. २०१७-१८ च्या हंगामात चार गिरक्यांच्या लुट्झ उडीचे मूल्य १३.६ होते. गिरक्या पूर्ण करून खेळाडू पडला, तर चार गुण कापले जात आणि पडल्याचा एक गुण वेगळा. तरी हाती ८.६ उरत. तीन गिरक्यांच्या निर्दोष लुट्झचे मूळ मूल्य होते अवघे ६! पडणे हाच फायद्याचा सौदा होता. २०१८ मध्ये तो मोडला. मूल्य ११.५ वर आले, पडल्यास ते निम्मे होते, शिवाय एक गुण वजा; उरतात ४.७५, तर तीन गिरक्यांना ५.९. सादरीकरणाच्या गुणांत मात्र नावाजलेल्यांच्या चुका आजही विरघळतात, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे हे गणित घरोघरी पोहोचले ते २०१६ मध्ये, रिओत. दीपा कर्माकरने निवडलेल्या प्रोदुनोव्हा व्हॉल्टचे काठिण्यमूल्य ७ होते. ती खूप खाली बसत उतरली, सफाईचे गुण ८.२६६ मिळाले; कांस्यपदक ०.१५० ने हुकले. पण तिला चौथ्या स्थानापर्यंत नेले तेही त्या सातानेच.

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्य खेळ म्हणून स्वीकारलेला मल्लखांब २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही होता. बर्फावर पडलेला खेळाडू उठून पुढची उडी घेतो. खांबावरून निसटलेल्याचा संचच तुटतो. म्हणून येथे काठिण्याला किती गुण द्यायचे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. धार जिल्ह्यातील राजगढ असो वा आपला फोंडा, कोष्टकात ज्याला गुण जास्त, तेच प्रशिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून करवून घेणार.