हिवतापात प्लेटलेटच्या आकड्यामागे धावू नका

पावसाळा सरत आला की नागपूरच्या रुग्णालयांत तापाचे रुग्ण वाढतात आणि रक्तपेढीसमोर नातेवाइकांची धावपळही. डेंग्यूने ‘प्लेटलेट कमी झाल्या’ या शब्दांची धास्ती घरोघरी पोहोचवली आहे. गडचिरोलीतून येणाऱ्या गंभीर हिवतापाच्या रुग्णांचे नातेवाईकही आता पहिला प्रश्न प्लेटलेटचाच विचारतात.

हिवतापात प्लेटलेट घटणे नेहमीचेच आहे. वाढलेली प्लीहा त्या अडकवून ठेवते, काही रक्तवाहिन्यांमध्ये खर्ची पडतात. आकडा पन्नास हजारांखाली गेला तरी बहुतेकांना रक्तस्राव होत नाही आणि जंतू मरू लागले की काही दिवसांत तो आपोआप चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर हिवतापातही मोठा रक्तस्राव पाच टक्क्यांहून कमी रुग्णांत होतो. मात्र तो झाला तर जिवावर बेततो. अशा वेळी केवळ प्लेटलेट नव्हे, रक्त गोठवणारे इतर घटकही संपत आलेले असतात.

म्हणून आकड्यापेक्षा रुग्णाकडे पाहा. नाकातून किंवा हिरड्यांतून न थांबणारे रक्त, सुई टोचलेल्या जागेतून झिरपणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच ही धोक्याची लक्षणे. अशा रुग्णाला रक्त, प्लेटलेट, ‘के’ जीवनसत्त्व यांपैकी काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा सुधारण्यासाठी प्लेटलेट चढवल्याने हिवताप बरा होत नाही.

जीव वाचवते ते आर्टेसुनेटचे इंजेक्शन. भारतासह चार आशियाई देशांतील 1,461 रुग्णांच्या अभ्यासात (2005) क्विनाइन घेतलेल्यांपैकी 22 टक्के, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी 15 टक्के दगावले.

इथे खरा प्रश्न व्यवस्थेचा आहे. प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, तीही सतत हलवत ठेवावी लागते. ती दुर्गम भागात साठवता येत नाही. आर्टेसुनेट मात्र पावडरच्या बाटलीत येते, तिला फ्रीज लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. गडचिरोलीहून नागपूर गाठायलाही काही तास जातात. म्हणून पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यायला हवा, मग रुग्णवाहिका. देशाने 2030 पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तोवर एकही मृत्यू उशिरामुळे होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

घरच्यांसाठी सांगायचे तर, ताप आला की त्याच दिवशी हिवताप आणि डेंग्यू दोन्हींची तपासणी करून घ्या. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल पुरे. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवताना चिठ्ठीवर प्लेटलेटच्या आकड्याबरोबर आर्टेसुनेट किती वाजता दिले तेही लिहून मागा.