दोन वेळचे जेवण आणि चयापचयाचा हिशेब

दोन वेळच्या पोटभर जेवणाची मागणी महाराष्ट्रातील श्रमिकांच्या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या केली. त्याच शब्दांना आज सुखवस्तू घरांत वेगळा अर्थ प्राप्त झाला आहे. दिवसातून दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत आटोपावे, मधल्या वेळात काही खाऊ नये आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, या आहारव्रताने गेल्या दशकात शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत असंख्य घरे व्यापली. एका वर्गाची मागणी दुसऱ्या वर्गाचा उपचार व्हावी, ही घटना केवळ गमतीची मानून सोडून देण्यासारखी नाही.

या व्रताचा उगम नागपूर जिल्ह्यातला आहे, आणि रामटेकशी त्याचा एक धागा जुळतो. डॉ. श्रीकांत जिचकार हे काटोल परिसरातले. अनेक पदव्यांसाठी त्यांची ख्याती होती, आणि मूळ शिक्षण वैद्यकाचे. २००४ साली रामटेक लोकसभा मतदारसंघातून ते काँग्रेसतर्फे उभे राहिले, थोड्या मतांनी पराभूत झाले आणि महिन्याच्या आतच, २ जून २००४ रोजी, मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वारंवार खाल्ल्याने शरीरात इन्शुलिन वारंवार स्रवते व त्यामुळे चरबी साठते, हा विचार त्यांनी व्याख्यानांतून मांडला होता. त्या व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून प्रेरणा घेऊन वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे त्याचे लोकमोहिमेत रूपांतर केले. शासनाच्या स्थूलताविरोधी मोहिमेशीही त्यांचे नाव जोडले गेले. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, असे सांगणारा ऋजुता दिवेकर यांचा पंथ याच्या अगदी उलट. दोन्ही पंथांचे अनुयायी एकमेकांशी ज्या आवेशाने भांडतात, तो पाहिला की जुन्या शैव-वैष्णव वादाची आठवण होते.

वस्तुतः शरीराचा हिशेब या वादापेक्षा पुष्कळच साधा आहे. माणूस दिवसभरात जी ऊर्जा खर्च करतो तिचा साठ ते सत्तर टक्के भाग हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडे चालू ठेवण्यात व शरीर उबदार राखण्यात जातो. यालाच मूलभूत चयापचय म्हणतात. साधारण दहा टक्के ऊर्जा अन्न पचविण्यात खर्च होते आणि उरलेली हालचालीत. इन्शुलिन वाढलेले असताना साठलेली चरबी बाहेर पडणे मंदावते, हे खरे. परंतु चोवीस तासांचा एकूण आहार तेवढाच राहिला, तर तो दोनदा घेतला की सहा वेळा, याने चयापचयाचा एकूण वेग बदलत नाही. दोन जेवणांच्या व्रताने अनेकांचे वजन उतरले ते मुख्यतः मधला चहा-बिस्किटांचा, फरसाणाचा आणि समोशांचा मारा थांबला म्हणून. सवय मोडण्याची ती एक सोपी युक्ती आहे, आणि तेवढ्यापुरती ती उपयुक्तही आहे. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता जेवणे कमी केली, तर साखर एकाएकी खाली जाऊन त्याच्या जिवावर बेतू शकते. व्रताच्या उत्साहात ही सूचना बऱ्याचदा मागे पडते.

‘चयापचय वाढवा’ असे सांगत चूर्णे, हिरवा चहा व पावडरीचे डबे विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. त्या डब्यांनी मूलभूत चयापचयात लक्षात येण्याजोगा टिकाऊ फरक पडत नाही. जे थोडेफार हाती असते ते स्नायूंच्या बळावर. ओझे उचलण्याच्या व्यायामाने स्नायू टिकतात. प्रथिने पचविताना त्यांतील वीस ते तीस टक्के ऊर्जा खर्ची पडते, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत ती पाच ते दहा टक्केच असते. म्हणजे डाळ, अंडे, दूध, मासे हेच काय ते ‘चयापचय वाढविणारे’ अन्न. आणि नेमके तेच गरिबाच्या ताटात सर्वांत कमी. साडेचार किलोमीटर भरभर चालल्याने साठ किलो वजनाच्या माणसाचे सुमारे २०० उष्मांक खर्च होतात. एक मोठा समोसा तेवढे परत मिळवून देतो. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० उष्मांक. तेव्हा नुसत्या चालण्याने ती घटविण्यास महिन्याहून अधिक काळ लागेल. चालण्याने हृदय, रक्तदाब आणि साखर सुधारते, म्हणून चालावेच. पण पोट कमी होते ते प्रामुख्याने ताटातून.

हा हिशेब मांडताना एक गोष्ट सुटून जाते. अन्न कमी झाले की शरीरही आपला खर्च कमी करते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धाला नैतिक विरोध असणारे, सैन्यात जाण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चौथाईने घटले आणि मूलभूत चयापचय त्याहूनही अधिक, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी, खाली आले. त्यांना थंडी वाजे, जिना चढवत नसे, मन अन्नावाचून दुसऱ्या कशात रमत नसे. वजन उतरवू पाहणाऱ्या सुखवस्तू माणसाला शरीराची ही काटकसर शत्रू वाटते, कारण काही महिन्यांनंतर त्याचा काटा हलेनासा होतो. गरिबाच्या बाबतीत मात्र याच काटकसरीला एकेकाळी गुण मानण्यात आले, आणि तेही पुण्यात, अर्थशास्त्राच्या व संख्याशास्त्राच्या भाषेत.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही दारिद्र्याची सीमा धरली होती. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात ती दरमहा पंधरा रुपये होती. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांकांचा निकष लावला. साताऱ्याच्या बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी याला हरकत घेतली. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी आहाराशी मर्यादेपर्यंत जुळवून घेते; म्हणून सरासरी गरजेखाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित मानणे चूक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी दांडेकर आणि सुखात्मे यांचा हा वाद बराच गाजला. सुखात्म्यांची गणिती शंका पोकळ नव्हती. स्वच्छ पाणी मिळाले नाही तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हा त्यांचा मुद्दा तर आजही खरा आहे. परंतु राज्यकर्त्यांना त्यातून सोयीचे तेवढेच ऐकू आले: शरीर जुळवून घेते, सबब गरीब वाटतात त्याहून कमी आहेत. पुढे २००९ च्या अहवालात सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी असलेली गाठच सोडली.

शरीर जुळवून घेते ते कोणत्या किमतीवर, याचे उत्तर पुन्हा पुण्याजवळच मिळाले. १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अभ्यास केला. त्या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पोषण तुटपुंजे असताना गर्भाने स्नायू गमावले आणि चरबी राखली. हीच कृश दिसणारी बाळे मोठेपणी थोडे अधिक खाऊ लागली, बैठ्या कामाला लागली, की मधुमेहाकडे वळण्याचा धोका वाढतो. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले होते. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. मातेने किती उष्मांक खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा विशेष संबंध आढळला नाही. तो आढळला दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. म्हणजे उष्मांकांच्या रेषेवरून झालेल्या भांडणात दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट निसटली. पोट कशाने भरले, हा प्रश्न पोट किती भरले याइतकाच मोठा होता.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्या भल्या पहाटे वजन उतरविण्यासाठी चढणारी मंडळी दिसतात. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर विरहाने झुरून मनगटातले कडे गळण्याइतका कृश झाला, तो रामगिरी हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच गडाच्या पायथ्यापासून पसरलेल्या धानाच्या बांध्यांत आषाढ-श्रावणात रोवणी चालते. स्त्रिया दिवसभर कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून धानाचे पऱ्हे लावतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६० उष्मांक लागतात, मध्यम श्रमासाठी २१३० आणि जड श्रमासाठी २७२०. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्याचे दररोजचे उष्मांक होतात पावणेसहाशेच्या आसपास, आणि ते जवळजवळ सर्व पिष्टमय. या बाईला ‘चरबी जाळण्या’चा सल्ला कोणी देत नाही, हे ठीकच आहे. पण तिचा मुलगा नागपूरच्या एखाद्या इमारतीत बारा तास खुर्चीवर बसणारा रखवालदार होतो, पाकिटातले स्वस्त खाणे खातो आणि तिशीतच त्याला मधुमेह जडतो, तेव्हा डॉक्टर त्याला त्याच्या आळसाबद्दल बोल लावतात.

स्थूलता हा श्रीमंतांचा आजार आहे, ही आपल्या चळवळीतील जुनी समजूत आता टाकून दिली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आढळल्या आणि २४ टक्के स्थूल वा अतिवजनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर सांगितली. ही माणसे सगळी बंगल्यांत राहत नाहीत. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली वीस माणसांना आळीपाळीने घरगुती पद्धतीचे आणि कारखान्यात प्रक्रिया केलेले अन्न हवे तेवढे खाऊ दिले. दोन्ही ताटांत साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच ठेवले होते. तरी कारखान्याच्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती. पाच रुपयांचे पाकीट आता देवलापारच्या पलीकडील आदिवासी वस्तीतल्या टपरीवरही लटकते. पेरू आणि दूध तिथे त्या भावात मिळत नाही. अशा बाजारात उभ्या असलेल्या माणसाला निग्रहाचा उपदेश करणे म्हणजे पाटबंधाऱ्यांची दुरवस्था सोडून शेतकऱ्याला घाम गाळायला सांगण्यासारखे आहे. २०२५ मध्ये भूक मारणारी नवी परदेशी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. औषध म्हणून ती गुणकारी आहेत, यात शंका नाही. परंतु ती आली तेव्हा महिन्याच्या मात्रेची किंमत शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईशी स्पर्धा करणारी होती; ती रामटेकच्या ग्रामीण रुग्णालयात कधी पोचणार, हे विचारावे लागते.

तेव्हा या प्रश्नावर कार्यकर्त्याने कोणत्याही आहारपंथाची बाजू घेण्याचे कारण नाही. ज्याला दोन जेवणांनी बरे वाटते त्याने ती जेवावीत. संघटनेची मागणी मात्र ताटातल्या घटकांबद्दल असली पाहिजे. शिधावाटपात धान्याबरोबर डाळ आणि तेल नियमाने हवे. रोवणीच्या मजुरीत स्त्री आणि पुरुष हा भेद नको. गरोदर स्त्रीच्या आहारात दूध व पालेभाजी हवी, आणि मधुमेहाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रावर कृश माणसाचीही व्हावी.

यांतील सर्वांत जवळचा प्रश्न शाळेतला आहे. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणि न खाणाऱ्यांना फळ देण्यास सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी शासनाने काढून घेतला आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडे द्यावे असे सांगितले. ज्या वस्तीतील मुलाला अंड्याची सर्वाधिक गरज आहे, तिथेच वर्गणी जमणे सर्वांत अवघड. रामटेक तालुक्यातील किती शाळांत अंडे मिळत राहिले व किती शाळांत बंद झाले, याची गाववार यादी शाळा व्यवस्थापन समित्यांकडून मिळवून पंचायत समितीपुढे ठेवणे हे काम पुढील सत्राच्या आत होऊ शकते.