सूक्ष्म देहाचे ओझे कोणाच्या माथी?

आत्मा दिसत नाही, देह दिसतो. मग न दिसणारा आत्मा दिसणाऱ्या देहाला हलवतो कसा? आणि मागच्या जन्माचा हिशेब पुढच्या जन्मात नेतो कोण? प्रत्येक आत्मवाद्याला हा प्रश्न छळतो. फ्रान्समधील रिव्हाय नावाच्या शिक्षकाने अॅलन कार्डेक या टोपणनावाने १८५७ साली पॅरिसमध्ये 'आत्म्यांचे पुस्तक' प्रसिद्ध केले व त्यात उत्तर दिले. आत्मा आणि देह यांच्यामध्ये 'पेरिस्पिरिट' नावाचा अर्धभौतिक देह असतो. फळातल्या बीजांकुराभोवती आवरण असते तसा. देह कुजतो, हे आवरण आत्म्याबरोबर राहते. आपल्याकडील वेदान्त्यांचा लिंगदेह याच जातीचा! पुरावा काय? तर 'माध्यमां'मार्फत आलेले आत्म्यांचे निरोप!

हा केवळ परलोकीचा वाद असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण या सूक्ष्म देहाचे ओझे इहलोकीच्या माणसांवर पडते. गुलामगिरी निसर्गनियमाविरुद्ध आहे, असे कार्डेकने त्याच पुस्तकात सांगितले, हे आम्ही मान्य करतो. मात्र १८६२ साली त्याने आपल्या मासिकात काय मांडले? काळ्या वंशाचा देहच अपुरा. त्यातल्या आत्म्याला खरी प्रगती करायची तर पुढे वरच्या वंशात जन्म घ्यावा लागेल. म्हणजे आत्मे समान, पण देहांची उतरंड कायम! 'या जन्मी मुकाट सेवा कर, पुढच्या जन्मी वरच्या वर्णात येशील' हे ऐकलेल्या समाजाला ही भाषा नवी आहे काय?

कार्डेकचे सर्वाधिक अनुयायी आज ब्राझीलमध्ये आहेत. २०१० च्या जनगणनेत ते सुमारे ३८ लाख होते. याच देशात गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली. तेथील बाहिया राज्यात २००७ साली सरकारी वकिलांनी या वंशवादी मजकुरावर बोट ठेवले, तेव्हा प्रकाशकांनी पुस्तकांत खुलासा जोडण्याचे मान्य केले. ओळी राहिल्या, खुलासा आला! हे अनुयायी दवाखाने चालवतात, भुकेल्यांना जेवू घालतात. त्यांच्या सेवेची आम्ही थट्टा करीत नाही. पण दुःख हे मागच्या जन्माची फेड ठरले की दुःखिताला दया मिळते, हक्क मिळत नाही.

कार्डेकच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ साली बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या व दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून काढून टाकतो, हे त्यात बाबासाहेबांनी स्पष्ट केले. पेरिस्पिरिट म्हणा की लिंगदेह, काम तेच!

म्हणून बांधवांनो, अपंग मुलाच्या आईला कोणी 'पूर्वजन्मीचे भोग' असे सांगू लागला, तर गप्प बसू नका. डॉक्टर कुठे होता, औषध का मिळाले नाही, हे विचारा. उत्तर याच जन्मात, याच व्यवस्थेत सापडेल.