पेठेतले पत्र, विषय बंदूक

बंगळूरच्या चिकपेटेत सोन्याचा धंदा दोन मजल्यांवर चालतो. खाली काचेच्या कपाटांत हार, पाटल्या आणि दिव्यांचा झगमगाट. वर, एकावेळी एकच माणूस चढेल अशा जिन्याने गेले की गलाईच्या खोल्या. तिथे छोटी भट्टी, मूस, तेजाबाचा उग्र वास आणि टंच काढून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेली लगड. या खोल्यांतली बोली बऱ्याचदा विटा, खानापूर, आटपाडीकडची असते. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने गाळण्याच्या कामापायी देशभर पांगली आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे बंगळूरच्या जुन्या पेठेत, चिकपेट, नगरथपेट, अ‍ॅव्हेन्यू रोडच्या आसपास रुजली.

कुठे दरोडा पडल्याची बातमी आली की या पेठेत बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतो. मग कुणीतरी लेटरहेड काढतो आणि आमदार-खासदारांना पत्र लिहायचे ठरते. मजकूर साधारण ठरलेला असतो: आम्ही कर भरतो, आमच्या जिवाला धोका आहे, स्वसंरक्षण हा आमचा हक्क आहे, तरी परवाने तातडीने द्यावेत. खाली दोन-तीन डझन सह्या आणि शिक्के.

अशा पत्राचे पुढे काय होते, हे सांगायला ज्योतिषी नको. ते आमदाराच्या स्वीय सहायकाच्या फायलीत जाते आणि तिथेच राहते. चूक सहायकाची नाही. पत्र चुकीच्या माणसाला, चुकीच्या मुद्द्यावर लिहिलेले असते आणि त्यात मागितलेली गोष्ट देणे त्या माणसाच्या हातात नसते.

आधी पत्त्याचे पाहू. चिकपेट नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे, म्हणून पत्र बिनदिक्कत ‘चिकपेटच्या आमदारांना’ जाते. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर मात्र व्ही. व्ही. पुरम, सुधामनगर, जयनगरचा काही भाग अशा वस्त्या या मतदारसंघात आल्या, आणि महापालिकेचा जुना चिकपेट वॉर्ड गांधीनगर मतदारसंघात गेला. लोकसभेलाही तोच घोळ आहे. चिकपेट मतदारसंघ बंगळूर दक्षिणमध्ये मोडतो, गांधीनगर बंगळूर मध्यमध्ये. म्हणजे पेठेतला सराफ उदय गरुडाचार आणि तेजस्वी सूर्या यांना पत्र लिहितो, तेव्हा त्याचे स्वतःचे प्रतिनिधी दिनेश गुंडूराव आणि पी. सी. मोहन असण्याचीच शक्यता अधिक. आपला मतदारसंघ कोणता, हे मतदार यादीत एकदा बघितले तर निम्मे टपाल वाचेल. गांधीनगरची जागा २०२३ मध्ये अवघ्या १०५ मतांनी निघाली होती. तिथल्या आमदाराच्या दृष्टीने एका गल्लीतल्या सह्यांना भलतेच वजन आहे, आणि नेमक्या त्याच सह्या शेजारच्या मतदारसंघात जाऊन पडतात.

पत्ता सुधारता येतो. हक्काच्या मुद्द्याची गोष्ट मात्र जुनी आहे आणि ती ठाऊक नसलेला माणूस हमखास फसतो.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत लिहिलेला आहे. तिथला मतदार लोकप्रतिनिधीला पत्र लिहितो तेव्हा या हक्काला हात लावू नका, एवढेच त्याला बजावायचे असते. आपल्याकडचा नागरिक हा सूर उचलतो, पण त्याच्या पायाखाली ती दुरुस्ती नाही. प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नव्हे. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. युरोपियनांना त्यातून सूट होती, नेटिवाला परवाना लागत होता. काँग्रेसचे तिसरे अधिवेशन १८८७ मध्ये मद्रासला भरले. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. त्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला आणि त्याचा रोख असा होता की लोक राजनिष्ठ असताना हा कायदा त्यांच्या निष्ठेवर विनाकारण डाग लावतो. सरकारला मनवण्यासाठी सरकारच्याच भाषेत केलेला हा अर्ज होता. साम्राज्याने तो मनावर घेतला नाही. पुढे १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांची यादी केली. शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घातला, पण नियम आणि निर्बंधांच्या अधीन ठेवून.

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये हा विषय शेवटचा ऐरणीवर आला. मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले, मूळचे मंगळूरचे हरी विष्णू कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर चोर आणि सराईत गुन्हेगारही तोच सांगतील, हा त्यांचा व्यवहारी मुद्दा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यानंतरचा १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम हे सगळे परवान्याच्या चौकटीतले आहेत. पत्रात ‘हक्क’ शब्द आला की वाचणारा अधिकारी मनातल्या मनात तेवढ्यावर काट मारतो.

मग पत्रांनी काहीच होत नाही का? होते, आणि चांगले ठळक होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने शस्त्र कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. एका माणसाकडे तीनऐवजी एकच बंदूक, असा त्यात प्रस्ताव होता. परवानाधारकांत खळबळ उडाली. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनीही आपले राज्य सीमेवरचे आहे, याचा फेरविचार करा, असे केंद्रीय गृहमंत्र्यांना लिहिले. डिसेंबरात लोकसभेत विधेयक मंजूर झाले तेव्हा एकाच्या दोन बंदुका झाल्या होत्या, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली होती आणि नेमबाजांची वेगळी सोय कायम होती. हे कुणा एकाच्या पत्राचे श्रेय नव्हे. पण विरोध करणाऱ्यांनी हक्काचा झेंडा मिरवला नाही, आकड्यावर बोट ठेवले. सरकारला आकडा बदलणे सोपे असते. तत्त्व बदलायला ते तयार होत नाही.

दुसरे उदाहरण गोव्यातले. निवडणूक लागली की परवानाधारकांनी शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावीत, असा सरसकट हुकूम निघायचा. माकडे आणि रानडुकरे बागायतीची नासधूस करत असताना शेतकऱ्याने शेतीसंरक्षणाची बंदूक आठवडेच्या आठवडे ठाण्यात ठेवायची आणि सराफानेही तेच करायचे. २००९ मध्ये उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा असा आदेश मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका, कुणाकडून शस्त्र काढून घ्यायचे हे छाननी करून ठरवा. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही छाननी समिती आली. जामिनावर असलेला, गुन्हेगारी पार्श्वभूमीचा किंवा पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सापडलेला परवानाधारक तिने बघायचा आणि निकालानंतर शस्त्र परत द्यायचे. तरीही कितीतरी जिल्ह्यांत सरसकट जमा करण्याचा रिवाज चालूच आहे, कारण छाननीला वेळ लागतो आणि हुकुमाला एक सही पुरते. चिकपेटेतल्या ज्या मोजक्या सराफांकडे परवाना आहे त्यांची खरी तक्रार इथे आहे, आणि तिच्यामागे न्यायालयाचा निकाल उभा आहे.

कर्नाटकाच्याच कोडगूची गोष्ट याहून निराळी. कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीन धारण करणाऱ्यांना ब्रिटिश काळापासून काही प्रकारच्या बंदुकांसाठी परवान्याची सक्ती नाही. सप्टेंबरातल्या कैलपोळ्द सणात तिथे बंदुकांची पूजा होते. ही सवलत जात आणि जमिनीवर आधारलेली असल्याने समानतेला धक्का देते, म्हणून तिला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सवलत वैध ठरवली. केंद्राने २०१९ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. कोडवांनी आपली बाजू मांडली ती दीड शतकाच्या वहिवाटीच्या जोरावर, सण, जमीन, सैन्यसेवा हे सगळे पुरावे पुढे ठेवून. पेठेतल्या व्यापाऱ्याकडे अशी वहिवाट नाही. ‘कोडवांना आहे तर आम्हाला का नाही’ हे वाक्य त्यामुळे पत्रातून गाळलेले बरे. त्याने सहानुभूती मिळत नाही आणि नको तो वाद मात्र ओढवतो.

बंदुकीने दुकान वाचते का, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याने आधी स्वतःला विचारावा.

१६ जानेवारी २०२५ रोजी बीदरमध्ये भर सकाळी एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दुचाकीस्वारांनी गोळ्या झाडल्या. जीव गेला, रोकडही गेली. गाडीबरोबर बंदूकधारी नव्हता, ही टीका नंतर झाली आणि ती पेठेत आजही ऐकवली जाते. पण त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला बंगळूरमध्ये ७ कोटी ११ लाखांची रोकड गेली, तेव्हा गाडीत बंदूकधारी होते. लुटारूंनी रिझर्व्ह बँकेचे अधिकारी असल्याची बतावणी केली, कर्मचाऱ्यांना दुसऱ्या गाडीत बसवले आणि एकही गोळी न झाडता पैसे पळवले. पुढे अटक झालेल्यांत एक पोलिस शिपाईही निघाला. बंदूक हजर होती, ती कुणावर रोखायची हे शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. चिकपेटेत तर सायंकाळी दोन हातगाड्या आणि एक रिक्षा आली की गल्ली बंद होते. जिन्याखाली, साड्यांच्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत झाडलेली गोळी कुणाला लागेल याचा भरवसा कोण देणार? दुकानात बंदूक ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांकडून याचे उत्तर अजून यायचे आहे.

गलाईवाल्यांचे दुखणे तर आणखी वेगळे. त्यांना दरोडेखोराइतकीच धास्ती पोलिसांची असते. चोरीचे सोने घेतल्याच्या आरोपाखाली परराज्यातले पोलिस येऊन उचलून नेतात, ही तक्रार विट्याकडच्या मंडळींत जुनी आहे. सोने गाळले की त्याचा पूर्वेतिहास मुशीत विरघळतो, म्हणून पोलिसांचा संशय सगळाच निराधार असतो असेही म्हणता येत नाही. पण खरेदीची नोंद कशी ठेवावी, विकणाऱ्याचे कोणते ओळखपत्र घ्यावे आणि चौकशीला आलेल्या पोलिसाने स्थानिक ठाण्याला कळवल्याचा कागद दाखवावा की नाही, हे राज्याने स्पष्ट लिहून द्यावे, ही मागणी बंदुकीच्या मागणीपेक्षा कितीतरी निकडीची आहे. आमदार ती विधानसभेत प्रश्न म्हणून विचारू शकतो.

बंदुकीचेच पत्र लिहायचे असेल तर परवाना कोण देतो हे आधी ध्यानात घ्यावे. बंगळूर शहरात ते काम पोलिस आयुक्तांचे आहे, आमदाराचे नाही. धंद्याच्या स्वरूपामुळे जीविताच्या किंवा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज असलेला अर्जदार २०१६ च्या नियमांत बसतो. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी त्याला द्यावी लागते. परवाना नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते, अपवाद फक्त सार्वजनिक हिताचा. त्यावर अपीलही आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर अर्ज फेटाळता येत नाही, हे तर कायद्यातच लिहिले आहे. आमदाराकडे मागायचे ते याच पायऱ्यांवरचे: अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा अर्ज पोलिस अहवालासाठी इतके महिने पडून आहे, तो निकाली काढण्याविषयी आयुक्तांना लिहा, नाकारल्याचे कारण दिलेले नाही, ते द्यायला सांगा. एका पानात, एकाच प्रकरणाविषयी, कन्नडमध्ये. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण मराठीत चालते, आयुक्तालयातल्या कारकुनाला फाइल कन्नडमध्ये लागते. शंभर सह्यांच्या एकाच छापील मजकुरापेक्षा आपापली हकिगत सांगणारी पाच वेगळी पत्रे सहायकाच्या टेबलावर अधिक वेळ टिकतात.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याच्या हुकुमाविषयी लिहायचे तर वेळ पाहून लिहावे. कर्नाटक विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. आचारसंहिता लागल्यावर आमदार स्वतःच उमेदवार असतो आणि आयुक्त निवडणूक आयोगाच्या हाताखाली काम करतात, तेव्हा दोघांपैकी कुणालाही पत्र वाचायला सवड नसते. छाननी समितीने शहरातल्या परवानाधारकांची यादी आधीच तपासावी, सराफांच्या अर्जांवर जमा करण्याच्या हुकुमापूर्वी निर्णय द्यावा आणि सूट नाकारली तर तेही लेखी कळवावे, एवढ्या तीन ओळी २०२७ च्या दिवाळीपूर्वी गांधीनगरच्या आमदारांकडे आणि आयुक्तालयात पोचायला हव्यात. सोबत गोव्याच्या निकालाची प्रत आणि आयोगाच्या सूचना जोडाव्यात, आणि दोन्ही ठिकाणची पोच घ्यावी.