अनुदान, कायदा आणि एक बंद केलेली शाळा

दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराच्या दक्षिण भागात रोझेटनव्हिल नावाचे उपनगर आहे. तेथील सेंट पीटर्स या अँग्लिकन माध्यमिक शाळेने १९५६ साली आपले दरवाजे स्वतःहून मिटले. विद्यार्थ्यांची वाण पडली म्हणून नव्हे, की निकाल खालावले म्हणूनही नव्हे. ‘कृष्णवर्णीयांचे ईटन’ असा जिचा लौकिक होता ती ही शाळा चालकांनी बंद केली, ती सरकार ठरवील तसले शिक्षण देण्यापेक्षा न दिलेले बरे, या भूमिकेतून. ही भूमिका योग्य होती काय? शिक्षकांचे वेतन जेथे जेथे सरकारी तिजोरीतून येते, तेथे तेथे हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात मिरफील्ड येथे ‘कम्युनिटी ऑफ द रेझरेक्शन’ हा अँग्लिकन धर्मबंधूंचा संघ आहे. त्याचे सदस्य १९०३ साली जोहान्सबर्गला आले. शहर सोन्याच्या खाणींवर उभे राहत होते आणि त्या खाणींना आफ्रिकी मजुरांचे हात हवे होते; त्यांची डोकी कोणालाच नको होती. अशा शहरात या संघाने आफ्रिकी मुलांसाठी वसतिगृहासह माध्यमिक शाळा चालवली. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झालेले ऑलिव्हर टांबो याच शाळेत शिकले आणि १९४०च्या दशकात तेथेच विज्ञान व गणिताचे शिक्षक झाले. कादंबरीकार पीटर अब्राहम्स आणि लेखक एस्किया म्पाह्लेले हे येथलेच विद्यार्थी. ह्यू मासेकेला या मुलाला पहिला ट्रम्पेट मिळाला तो येथेच. शाळेची सूत्रे सांभाळणारे फादर ट्रेव्हर हडल्स्टन यांनी तो मिळवून दिला. पुढे या मुलाची जगभर कीर्ती झाली.

तथापि या उज्ज्वल चित्रामागे एक आर्थिक वास्तव होते. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकी मुलांच्या बहुतेक शाळा मिशनांच्या होत्या. इमारत व व्यवस्थापन मिशनचे आणि शिक्षकांच्या वेतनासाठी अनुदान सरकारचे, अशी ही विभागणी होती. देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हेतू ढोबळमानाने एक होता, तोवर ती निभावली. १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि देणाऱ्याचा हेतू बदलला. १९५३च्या ‘बांटू शिक्षण कायद्या’ने आफ्रिकी मुलांचे शिक्षण प्रांतांकडून काढून केंद्राच्या हाती दिले. त्या खात्याचे मंत्री हेंड्रिक फेर्व्हूर्ट यांनी धोरणाचा अर्थ लपवून ठेवला नाही. गोऱ्या समाजात आफ्रिकी माणसाला काही ठरावीक श्रमांपलीकडे स्थान नाही. सबब त्यापलीकडचे शिक्षण त्याला देणे व्यर्थ आहे, असे त्यांनी संसदेत प्रतिपादले.

या धोरणाचा अर्थव्यवहार अभ्यासण्यासारखा आहे. आफ्रिकी शिक्षणासाठी सर्वसाधारण महसुलातून द्यावयाची रक्कम वर्षाला ६५ लाख पौंडांवर गोठवण्यात आली. तिच्यात भर पडावयाची ती मुख्यतः आफ्रिकी प्रौढांकडूनच वसूल होणाऱ्या कराच्या चार-पंचमांश हिश्श्याची. म्हणजे देशातील सर्वांत गरीब वर्गाने आपल्या मुलांच्या शिक्षणाचा वाढता भार स्वतःच उचलावा, असा हा हिशेब होता. वर्गांतील मुलांची संख्या वाढत गेली आणि दर मुलामागील खर्च घटत गेला. वाढलेली पटसंख्या दाखवून सरकारला प्रगतीचा डांगोरा पिटता आला, हे त्यातले विशेष.

मिशनांपुढे तीन मार्ग ठेवले गेले. शाळा सरकारच्या स्वाधीन कराव्यात; किंवा कमी होत होत पूर्णतः बंद होणारे अनुदान पत्करून त्या स्वबळावर चालवाव्यात; किंवा बंद कराव्यात. बहुतेक अँग्लिकन बिशपांनी, मुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून, शाळांच्या इमारती सरकारला भाड्याने देण्याचे मान्य केले. रोमन कॅथलिकांनी निधी उभारून शक्य तेवढ्या शाळा स्वतः चालवल्या. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोझ रीव्ह्ज यांनी मात्र आपल्या अधिकारातील शाळा हस्तांतरित करण्यास नकार दिला, आणि सेंट पीटर्सच्या चालकांनीही तोच मार्ग धरला. स्वबळाचा मार्गही मोकळा नव्हता. शाळा अनुदान घेवो वा न घेवो, तिची सरकारदरबारी नोंदणी आवश्यक होती आणि नोंदणीवाचून शाळा चालवणे हा गुन्हा ठरवला गेला होता. १९५५ साली बहिष्कार पुकारणाऱ्यांनी मुलांसाठी ‘सांस्कृतिक मंडळे’ काढली. त्यांना शाळा म्हणण्याची सोय नव्हती आणि तेथे फळा-खडू दिसला की पोलिसांचा ससेमिरा मागे लागे.

शाळा बंद करण्याचा निर्णय नैतिकदृष्ट्या तेजस्वी होता, यात शंका नाही. परंतु त्याची किंमत कोणी मोजली? धर्मबंधू अन्यत्र सेवेस गेले. ज्याची दोन वर्षे उरली होती, त्या विद्यार्थ्याला तशी दुसरी शाळा नव्हती. कॅथलिकांचा मार्ग कमी तेजस्वी असेल, पण त्यात काही मुलांच्या हाती पुस्तक राहिले. तत्त्वासाठी त्याग करताना तो त्याग आपला आहे की दुसऱ्याच्या मुलाचा, हे तपासून पाहण्याची जबाबदारी संस्थाचालकांना टाळता येत नाही. दुसऱ्या बाजूला हेही खरे, की शाळा चालू राहिली असती तर तिच्याच नावाने मुलांना दास्याचे धडे द्यावे लागले असते. दोन्ही पारड्यांत वजन आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग विसरण्याजोगा नाही.

पुढची हकिकतही बोलकी आहे. त्याच आवारात १९५८ साली सेंट मार्टिन्स ही स्वतंत्र अँग्लिकन शाळा सुरू झाली, पण त्या काळच्या कायद्यांनुसार ती गोऱ्या मुलांसाठी. सरकारी अनुदानाचे बंधन नव्हते, तरी वर्णभेदाच्या कायद्याचे होते. तिचे मुख्याध्यापक मायकेल स्टर्न यांना ते सलत राहिले. १९६३ साली त्यांनी सीमेपलीकडे स्वाझीलंडमध्ये अवघ्या १६ विद्यार्थ्यांनिशी सर्व वर्णांच्या मुलांसाठी वॉटरफर्ड ही शाळा काढली. नेल्सन मंडेला यांच्या मुली तेथे शिकल्या. १९८१ साली ही शाळा ज्या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ परिवारात सामील झाली, त्याच परिवारातील एक महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे.

१९९४ साली वर्णभेदी राजवट संपली. सेंट मार्टिन्समध्ये आज सर्व वर्णांची मुलेमुली शिकतात. कायद्याची बेडी गळाली. पण स्वतंत्र शाळा जगते ती शुल्कावर, आणि शुल्क हीही एक प्रकारची सीमारेषाच आहे. टांबो खेड्यातून वर आले ते इंग्लंडमधील दोघा भगिनींनी त्यांच्या प्रारंभीच्या मिशन-शाळेचा खर्च उचलला म्हणून. अशा आधारावाचून खेड्यातल्या मुलाला स्वतंत्र शाळेच्या फाटकातून आत जाता येणे आजही दुष्कर आहे.

तात्पर्य, शाळेचे स्वातंत्र्य केवळ अनुदान नाकारल्याने सिद्ध होत नाही आणि केवळ घेतल्याने नष्टही होत नाही. अनुदान हे नागरिकांच्याच करातून येते. तो सरकारचा उपकार नव्हे. त्यामुळे प्रश्न अनुदानाचा नसून, त्याच्या मोबदल्यात काय मागितले जाते याचा आहे. ती मागणी अन्याय्य ठरली तर नाही म्हणता यावे, यासाठी लागणारा निधी, कायद्याचे संरक्षण आणि समाजाचा पाठिंबा संकट आल्यावर उभा करता येत नाही. सेंट पीटर्सच्या चालकांपाशी धैर्य होते, पण पर्याय नव्हता. पर्यायाची बांधणी अनुकूल काळातच करावी लागते.