माहितीपुस्तिका कोणासाठी?

यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका वाचणारे थोडे आणि ती कोणी लिहिली याचा विचार करणारे त्याहूनही थोडे. पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांतून अशा पुस्तिका लिहिणारा तंत्रलेखक आज सर्रास आढळतो. अभियंत्याने सांगावे आणि याने ते सुबक इंग्रजीत उतरवावे, अशी त्याच्या कामाविषयीची रूढ समजूत आहे. तिच्यातूनच आता असा निष्कर्ष काढला जातो की, कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आल्यावर या माणसाची गरज उरलेली नाही. हा निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे.

वस्तुस्थिती अशी की, या लेखकाच्या दिवसात प्रत्यक्ष लेखनाचा भाग लहानच असतो. सकाळच्या बैठकीत कोणता बदल झाला, कोणता लांबणीवर पडला, हे टिपून घ्यायचे. मग अभियंत्यांच्या मागे लागून शंकांची उत्तरे मिळवायची. सांगितलेली प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची. पडद्यावर निराळेच काही दिसले, तर चूक सांगणाऱ्याची की प्रणालीची याचा छडा लावायचा. मजकूर तपासणीस पाठवून स्मरणपत्रे धाडायची आणि अखेरच्या क्षणी एका बटणाचे नाव बदलले म्हणून दहा पाने पुन्हा दुरुस्त करायची. थोडक्यात, नवख्याच्या वतीने जाणत्याला प्रश्न विचारणे हेच त्याचे खरे काम होय.

ते न झाल्यास काय घडते याचा दाखला 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने दिला आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली, काही दगावले. मूळ दोष संगणकप्रणालीत आणि सुरक्षा-योजनेत होता, हे खरे. परंतु १९८६ साली टेक्सासमध्ये पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असा संदेश उमटला, तेव्हा त्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश नेहमीचेच, म्हणून कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवण्यात आला आणि रुग्णाला दुसरा झटका बसला.

उपलब्ध माहितीची मांडणी यंत्र करील, कदाचित माणसाहून वेगाने करील. पण जे कोणी लिहूनच ठेवलेले नाही, त्याविषयी अभियंत्याला अडवून विचारणार कोण?

हा प्रश्न संगणकापुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती. तरीही डब्यासोबतचे बारीक टाइपातील पत्रक पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला वाचता येईल असे असते काय, हे कोणी तरी त्याच्याजवळ बसून पडताळायला हवे. त्या 'कोणी तरी'चा पगार वाचविणे सोपे आहे. त्याची किंमत मात्र पुस्तिका वाचणाऱ्यालाच मोजावी लागते.