मालक कोण?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सोयाबीनची रास, दिवाळी, शाळेचे पेपर तपासणे, या सगळ्यात इकडे फिरकायला झालं नाही. आज लिहितोय एका जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दल. पण खरं सांगायचं तर आमच्या घरातल्याच एका गोष्टीबद्दल. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना विनंती, की शेवटपर्यंत वाचा आणि मगच फोन करा.

तर झालं असं. दिवाळीत भाची पुण्याहून उमरीला आली होती. ती एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. रात्री जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉपवर ‘द असोसिएट’ नावाचा सिनेमा लावला. १९९६ सालचा आहे. व्हूपी गोल्डबर्ग नावाची काळी नटी त्यात आहे. ती न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर, म्हणजे शेअरबाजाराच्या पंढरीत, काम करत असते. डोकं तिचं, मेहनत तिची, आणि बढती मिळते ती तिने शिकवून तयार केलेल्या एका पुरुषाला. ती नोकरी सोडते आणि घर गहाण टाकून स्वतःचा धंदा काढते. पण तिचं ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. मग ती एक थाप मारते. माझा एक भागीदार आहे म्हणते, त्याचं नाव रॉबर्ट कटी, सल्ले सगळे त्याचेच. असा माणूस जगात नसतोच, पण कटीसाहेबांचं नाव घेतलं की दारं पटापटा उघडतात. पैसा येतो, पेपरात नाव येतं. नाव अर्थात कटीचं. शेवटी तिलाच गोऱ्या म्हाताऱ्याचा मुखवटा चढवून, कोट घालून लोकांसमोर जावं लागतं.

आम्ही पोट धरून हसत होतो. भाची मधेमधे मराठीत सांगत होती, कारण माझी अक्का शेजारी बसून पाहत होती. अक्का काही हसली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, “हसालास काय? तो म्हातारा म्हंजे तूच की रे.”

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. एवढं बोलून ती दूध विरजायला उठून गेली. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊजी २००८ साली गेले. अक्का दोन लेकरांना घेऊन उमरीला परत आली. सहा महिने गप्प होती, मग म्हणाली, मी मिरची कांडपाचं मशीन टाकते. आमच्यापासून धर्माबाद जवळ, तिथला मिरचीचा बाजार मोठा. उन्हाळ्यात वर्षभराचं तिखट-मसाला करून ठेवायची घरोघर पद्धत. तिचा हिशेब बरोबर होता. कर्जासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो. कोणत्या बँकेत ते लिहीत नाही. ते साहेब केव्हाच बदलून गेले आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, “मालक कोण?”

अक्का म्हणाली, “मीच.”

साहेब म्हणाले, “तसं नाही हो ताई. मालक, मालक. घरातलं कोणी पुरुष माणूस?”

आपल्या भाषेची गंमत बघा. मालक म्हणजे धंद्याचा धनी आणि मालक म्हणजे नवराही. “आमचे मालक गावाला गेलेत” असं बायका म्हणतात तेव्हा दुकानाची चौकशी कुणी करत नाही. आणि मालकीण म्हणजे बहुतेक वेळा मालकाची बायको. जिचा नवरा वारलाय आणि धंदा जिचा स्वतःचा आहे, तिने “मालक कोण” या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? तिच्यासाठी भाषेत शब्दच शिल्लक ठेवलेला नाही.

मग साहेब माझ्याकडे वळले. नोकरी काय, पगार किती, शेती किती? सगळं जमण्यासारखं होतं. कर्ज माझ्या नावावर झालं. कर्ज माझं म्हणून धंदा माझा, धंदा माझा म्हणून विजेचं मीटर माझं, पुढे अन्नपरवाना माझा, जीएसटी आल्यावर तोही माझ्याच नावाने. पाटीवरही माझंच नाव. मी शाळेत शिकवतो. मिरचीची प्रत कशी ओळखायची हे मला आजही कळत नाही. धर्माबादच्या व्यापाऱ्यांचे फोन मला येतात, मी “विचारून सांगतो” म्हणतो आणि अक्काला विचारून सांगतो. थोडक्यात, मी कटी आहे. फरक एवढाच की मी जिवंत आहे.

आता जरा मुळाशी जाऊ. माझ्याकडे तारण द्यायला शेती होती आणि अक्काकडे नव्हती, असं का? वडील गेल्यावर अक्काने तहसिलात येऊन हक्कसोड करून दिली म्हणून. आपल्याकडे हे इतकं सरळ चालतं की त्यात काही घडलं असं वाटतही नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ साली मिळाला. कायदा आला, आणि आपण त्याला हक्कसोडपत्राचं उत्तर शोधून काढलं. बहिणीने सही करायची, भावाने दिवाळीला साडी घ्यायची. म्हणजे तिची जमीन माझ्या सातबाऱ्यावर आली, त्या सातबाऱ्यावर मला कर्ज मिळालं, आणि त्या कर्जातून मी तिच्यावर उपकार केले! हे गणित मला इतकी वर्षं दिसलं नाही. आणि मी शिकवतो गणितच.

या सिनेमाच्या गोष्टीचं मूळ चिलीमधल्या एका कादंबरीत आहे. हेनारो प्रिएतो या लेखकाने १९२८ साली लिहिलेली. त्यातला नायक पुरुषच आहे. त्याला पत मिळावी म्हणून तो एक इंग्रज भागीदार कल्पनेतून उभा करतो. मला हे फार बोलकं वाटतं. पत म्हणजे काय? समोरच्याला विश्वास वाटेल असा चेहरा. चिलीत तो इंग्रजाचा, वॉल स्ट्रीटवर गोऱ्या म्हाताऱ्याचा, आणि उमरीत भावाचा. हिशेब कोण करतंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडचे वेषांतराचे विनोद आठवा. ‘मोरूची मावशी’, ‘अशी ही बनवाबनवी’. पुरुष साडी नेसतो आणि आपण खुर्चीवरून पडेपर्यंत हसतो. मीही हसतो, बनवाबनवी किती वेळा पाहिलाय त्याची मोजदाद नाही. पण त्या पुरुषाला साडी नेसून राहायला जागा मिळते, आणि अडचण संपली की तो साडी फेडून मोकळा होतो. बाईला पुरुषाचा मुखवटा घालावा लागतो तेव्हा मात्र तिने कमावलेलं सगळं त्या मुखवट्याच्या खात्यात जमा होतं. मुखवटा काढला तर धंदा बुडतो, नाही काढला तर ती बुडते. ‘द असोसिएट’मध्ये हा पेच चांगला पकडलाय. माझी तक्रार वेगळी आहे. सिनेमात खलनायक सरळ दिसतो, तो बढती लाटणारा लबाड माणूस. त्याच्यावर चिडलं की आपण सुटलो. आमच्या घरात तसा लबाड कुणी नाही. एक प्रेमळ भाऊ आहे, बस्स. आणि काम तेच झालंय.

आमच्या उमरीला बँक हा शब्द साधा नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ ला सैनिकांनी इथली निजामाच्या राज्यातली स्टेट बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्या लुटीची गोष्ट सांगताना आमची जुनी माणसं एक वाक्य हमखास जोडायची, की पैशाचा हिशेब चोख ठेवला होता. पैसा घेतला त्याहून हिशेब दिला याचा अभिमान जास्त.

तीच बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच दिवशी आणखी एक बँक तिच्यात विलीन झाली, खास बायकांसाठी २०१३ साली काढलेली भारतीय महिला बँक. चार वर्षंही पुरी झाली नव्हती. आणि हे झालं तेव्हा स्टेट बँकेच्या अध्यक्ष होत्या अरुंधती भट्टाचार्य, त्या पदावरच्या पहिल्या महिला. म्हणजे सर्वांत मोठ्या खुर्चीवर बाई, आणि बायकांची वेगळी बँक मात्र गुंडाळलेली. तारीखही एक एप्रिल! मी यातून फार मोठा निष्कर्ष काढत नाही. वर खुर्च्या बदलतायत हे चांगलंच आहे. तर्जनी वकील १९९३ मध्येच एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या, दीना मेहता २००१ मध्ये मुंबई शेअरबाजाराच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पण वरची खुर्ची बदलली म्हणून खालच्या काउंटरवरचा “मालक कोण” हा प्रश्न आपोआप बदलत नाही.

तो कुणी बदलला तर म्हसवडच्या बायकांनी. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, आमच्यासारखाच दुष्काळी. तिथे चेतना गाला सिन्हांकडे लोहारकाम करणारी एक बाई आली. तिला पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घालायला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, आणि बँका एवढ्याशा रकमेचं खातं उघडून देत नव्हत्या. मग बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. त्या घरी बसल्या नाहीत. लिहाय-वाचायला लागल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, की कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्यांनी कटी उभा केला नाही. नवऱ्याला पुढे केलं नाही. आपल्याच तोंडाने आपला हिशेब सांगितला. सिनेमा काढायचा तर खरं म्हणजे यावर काढायला हवा, हसूही भरपूर येईल.

माझ्यातल्या कटीला सगळ्यात जास्त काय टोचलं ते आता सांगतो. मध्यंतरी मी गाडी घ्यायला कर्ज मागितलं. दोन दिवसांत मंजूर. तिथला मुलगा म्हणाला, “सर, तुमचा सिबिल स्कोअर एक नंबर आहे.” मी खूश होऊन पेढे आणले. तो स्कोअर माझा नव्हताच. मशीनचा प्रत्येक हप्ता अक्काने भरला, तारखेच्या आधी भरला. एका वर्षी धंदा मंदा होता तेव्हा तिने पाटली मोडून भरला. वेळेवर पैसे फेडणारी माणूस ही तिची ओळख, आणि ती नोंदली गेली माझ्या नावावर. उद्या ती एकटी बँकेत गेली तर संगणक म्हणेल, हिची काही माहिती उपलब्ध नाही.

आणि दुसरं. २०१९ मध्ये एका कार्यक्रमात ‘यशस्वी उद्योजक’ म्हणून माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. मी भाषणात “हे सगळं बहिणीमुळे” असं म्हटलं आणि टाळ्याही मिळवल्या. अक्का बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. सिनेमात शेवटी ती बाई फक्त पुरुषांच्या क्लबात कटीच्या वेषात जाते आणि सगळ्यांसमोर मुखवटा ओढून काढते. आमच्याकडे मुखवट्याने शाल घेतली आणि घरी येऊन जेवला.

आता नातेवाइकांसाठी. काकांनी परवाच म्हटलं, “कागदावर कुणाचं नाव आहे त्यानं काय होतं? घरातल्या घरातच आहे.” काका, नाव कुणाचंही चालत असेल तर अक्काचं का नको? आणि कागदाने काय होतं ते ऐका. उद्या मला काही झालं तर माझे वारस माझी बायको आणि मुलं. जिने पंधरा वर्षं ठसका सहन करत धंदा उभा केला, ती कागदोपत्री त्यांच्या दयेवर. माझी मुलं चांगली आहेत. पण चांगुलपणाच्या भरवशावर राहायची वेळ फक्त बायकांवरच का यावी?

म्हणून ठरवलंय. एकट्याच्या मालकीचा धंदा नुसतं नाव खोडून दुसऱ्याचा होत नाही, हे सीएने समजावलं. अक्काच्या नावाने नवी नोंदणी, नवं चालू खातं, नवा परवाना, माझ्या नावचं बंद. दोन-तीन महिने धावपळ आहे. पुढचं मशीन घ्यायचंय, त्याचा अर्ज ती करेल. मी सोबत जाणार नाही, तिनेच तसं सांगितलंय. जामीन म्हणून सही लागली तर ती करेन.

राहिलं शेत. हक्कसोड केलेली जमीन बक्षीसपत्राने परत देता येते, हेही मी विचारून आलोय. बायकोशी एकदा बोललो. ती म्हणाली, “मग माझ्या भावांनी घेतलेल्या माझ्या सहीचं काय?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते धाडस अजून माझ्याकडून झालेलं नाही, आणि झालंय असं इथे लिहून टाळ्या घेणार नाही. एकदा घेतल्या तेवढ्या पुरे.

पाटी रंगवायला दिली आहे. रंगाऱ्याने विचारलं, खाली ‘मालक’ लिहू का ‘मालकीण’? अक्का म्हणाली, “निस्तं नाव ल्ही.”

असो. फोन करायचा तर आता करा. पण मला नको, अक्काला करा. मिरचीचा भावही तीच सांगेल.